बाजेच्या पायाला बांधलेली कोंबडी

कट्ट असा आवाज आला. लय मोठा न्हाई, वाळकी काडी मोडावी येवढाच. आन् त्याच्या मागून कोंबडी अशी वरडली की बाजेवर निजलेली माझी पोरगी एकदम उठून बसली आन् ती बी वरडायला लागली. मला आधी समजलंच न्हाई कोनाला काय झालं ते. म्या पोरीला उचललं, तिचे हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं. तिला कायच झालेलं नव्हतं, तरी ती रडून राहिली. मंग खाली बघितलं. बाजेचा पाय कोंबडीच्या पायावर होता.

म्याच ओढली होती ती बाज. पोरीच्या तोंडावर ऊन आलं होतं. सावली सरकली की बाज सरकवायची, हे माझं रोजचंच, उशाकडून दोन्ही हातांनी धरायची आन् खस्सकन ओढायची. पन त्या दिवशी बाजेला कोंबडी बांधलेली होती, आन् ती बाजेखाली सावलीला बसली होती, आन् मी ते इसरले. सकाळी म्याच बांधली, म्याच तिच्यापुढं पानी ठेवलं, आन् मीच इसरले.

एका हातात पोरगी, दुसऱ्या हातानं बाज उचलली. कोंबडी निसटली आन् फडफड करत पळायला गेली, पन दोरा बाजेलाच होता, तिला हिसका बसला आन् ती तोंडावर पडली. दोरा म्हंजे खताच्या पोत्याचा दोरा, प्लास्टिकचा. हिसक्यानं तो पायात रुतला. रगत आलं. पाय असा लटकला जसा काय तिचा न्हाईच. म्या इळा शोधला, इळा सापडेना, कात्री कुठं ठेवली ते आठवेना, शेवटी दातानंच दोरा तोडला, कोंबडीच्या पायाला तोंड लावून. कोनी बघितलं असतं तर याड लागलं म्हनलं असतं. पन घरी कोनीच नव्हतं. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, सोयाबीनच्या मळनीवर गेल्या होत्या. पोरीचा बाप कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर कामाला हाय, तो फक्त रविवारी घरी येतो. आन् तो दिवस सोमवार होता.

आता कोंबडी बाजेला काहून बांधली होती ते सांगते. नवी कोंबडी घरी आनली की आमच्याकडं तिला तीन-चार दिवस पायाला बांधून ठेवतात. तिथंच दाने टाकायचे, तिथंच पानी ठेवायचं, म्हंजे तिला कळतं हेच आपलं घर. सोडून दिली तर पळून जाती, न्हाई तर दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन बसती. आत्याबाईनी तर तिला चुलीभवती पाच फेरे बी मारले होते, हातात धरून. मला हसू आलं तर म्हनल्या, "हसू नको. तुला बी आनल्यावर असंच फिरवायला पाहिजे होतं, म्हंजे दर महिन्याला माहेरची आठवन आली नसती."

कोंबडी माझ्या माहेरची. सेनगावकडं माझं माहेर. माझ्या आईनं तिच्या कोंबड्यांतली चांगली अंड्यावरची बघून दिली. जीपमधी पिशवीत घालून आनली, मुंडकं बाहेर ठेवून, आन् सगळ्या रस्त्यानं पोरगी तिच्या तुऱ्याला हात लावून राहिली.

पोरीसाठीच आनली होती. दीड वर्षाची झाली माझी पोरगी, पन वजन वाढंना. अंगनवाडीच्या ताईनी काट्यावर ठेवलं, दंडाला ती रंगाची पट्टी लावली, आन् पट्टी पिवळ्यावर थांबली. ताई म्हनल्या, हिला रोज एक अंडं दे, पुढल्या महिन्याला पट्टी लाल झाली तर हिंगोलीला दवाखान्यात ठेवावं लागंल. हिंगोलीला, लेकराला घेऊन, चौदा दिवस. मला त्या रात्रीपासून झोपच न्हाई नीट. गावातल्या दुकानात अंडी येतात, पन आठ दिवसातून एकदा गोरेगावहून येतात आन् लगेच संपतात, आन् ती अंडी पोरगी खातच न्हाई, तोंडातून बाहेर काढती. गावरान अंडं तेवढं खाती. माझ्या आईकडं खाल्लं तवा म्या डोळ्यानं बघितलं, पिवळं सगळं खाल्लं आन् बोटं बी चाटली.

म्हनून कोंबडी. तिनं अंडं दिलं तर पोरगी खाईल, खाल्लं तर वजन वाढंल, वाढलं तर हिंगोलीला जावं लागनार न्हाई. माझ्या डोक्यात येवढंच होतं. आन् आता त्या कोंबडीचा पाय माझ्याच हातानं मोडला होता.

आधी आत्याबाईनी मला चिंधीनं बांध म्हनून सांगितलं होतं. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी दिली बी होती. म्या चिंधीनंच बांधली, पन पहिल्याच दिवशी तिनं गाठ सोडवली आन् शेजारच्या उकिरड्यावर जाऊन बसली. तिला धरता धरता माझा जीव गेला. म्हनून म्या खताच्या पोत्याचा दोरा काढला. तो काय सुटत न्हाई. व्हय, सुटला न्हाईच तो.

पोरीला कडेवर घेऊन आन् कोंबडीला पदरात घेऊन मी शेळ्यावाल्या म्हातारीकडं पळाले. बुद्धविहाराच्या मागं तिचं घर हाय. गावातली शेळी पडो, पाठ मोडो, पाय मोडो, लोक तिच्याकडंच नेतात. ती ओट्यावर बसून पान खाऊन राहिली होती.

"काहून वं, एवढी पळत काहून आलीस? लेकराला काय झालं का?"

"लेकराला न्हाई, आजी. कोंबडीला."

"कोंबडीला!" तिनं पानाची पिंक टाकली. "मला वाटलं घर पेटलं."

पन तिनं कोंबडी घेतली. एका हातानं पंख दाबून मांडीखाली धरली, फडक्यानं डोळे झाकले, तशी कोंबडी गपच झाली. मंग पायाला बोटं लावली, इतकी हळू की मला वाटलं ती कायच करून राहिली न्हाई. एका जाग्यावर थांबली. "इथं हाय," म्हनली. "नळी मोडली. तुकडे न्हाई झाले, बरं झालं." तिनं मला कुडाची तुराटी आनायला सांगितली, तुरीची वाळलेली काडी, बोटायेवढी. ती मधोमध चिरली, आत कापूस लावला, दोन्ही बाजूनं पायाला लावली, हळद भरली आन् फडक्यानं गुंडाळली. कोंबडी एकदाच वरडली. मी मातर तोंडात पदर कोंबून बसले होते.

"चालंल का आता ही?"

"आत्ताच्या आत्ता नाचवतीस का? पंधरा दिस तरी टोपलीत ठेव. उडू द्यायची न्हाई, चालू द्यायची न्हाई. आन् हे बघ, बोटं बघत जा. बोटं गार पडली, काळी झाली, तर पट्टी आवळली म्हंजे. सैल करायची."

"आन् अंडं?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "बाई, पाय मोडल्यावर तू पोर काढलं असतंस का? थांब की जरा."

संध्याकाळी आत्याबाई आल्या. अंगावर सोयाबीनचा भुसा, डोळे लाल. टोपलीत कोंबडी बघितली आन् तिथंच उभ्या राहिल्या. म्या सगळं सांगितलं, बाज, ऊन, दोरा, सगळं. त्यांनी आधी हातपाय धुतले. मंग म्हनल्या, "चिंधी दिली होती ना तुला?"

"दिली होती."

"मंग?"

मी टोपली जरा मागं सरकवली.

"कापून टाकू," त्या म्हनल्या. "लंगडी कोंबडी अंडं देत न्हाई. दुखन्यानं वाळून मरंल, मंग मेलेली कोन खातंय? आत्ता कापली तर पोरीला रस्सा तरी होईल चार दिवस."

त्यांचं काय चुकलं असं मला आजबी वाटत न्हाई. त्या बी पोरीचाच विचार करून राहिल्या होत्या. पन रस्सा चार दिवस आन् अंडं वर्षभर. म्या पाय धरले न्हाईत, येवढंच राहिलं होतं. शेवटी त्या म्हनल्या, "रविवारी तुझा नवरा येतोय. तवर उभी राहिली तर राहिली. न्हाई राहिली तर रविवारी कापायची, मंग रडायचं न्हाई."

पोरीच्या बापाला फोन केला तर त्याच्या मागं भांड्यांचा खडखडाट. तो हसला. "इथं मी रोज कोंबड्या कापलेल्या बघून राहिलो आन् तू तिकडं एकीला पट्ट्या बांधून राहिलीस." मला राग आला, म्या फोन ठेवला. मंग परत केला आन् म्हनलं, रविवारी सुरी-बिरी घेऊन येऊ नका. तो म्हनला, आई म्हनंल तसं.

मंगळवारी टोपलीत तुराटीचा पाय वर करून ती बसली होती. म्या बोटापाशी दाने धरले तर चार खाल्ले. पोरगी टोपलीपाशी बसून "कोको, कोको" करून राहिली. मला बरं वाटलं. दर घंट्याला मी बोटं बघायची. गार हायेत का, गरम हायेत का, आपल्याच हाताला कळेना, म्हनून मी आधी तिचा चांगला पाय धरायची, मंग मोडका धरायची. भाकरी थापता थापता उठायची, भाकर करपायची. आत्याबाई म्हनायच्या, "कोंबडीची नाडी बघून झाली असंल तर आमच्या पोटाचं बघा."

बुधवारी दुपारी पट्टीला वास आला. म्या नाक लावलं आन् मागं झाले. दोरा जिथं रुतला होता, त्या जागेवर म्या हळदीचाच भरोसा ठेवला होता. पट्टी थोडी उकलली तर आत सूज, पिवळं पानी, आन् पाय तव्यावरच्या भाकरीवानी गरम. कोंबडी मान टाकून बसली. दाने खाईना. म्हातारीकडं गेले तर ती शेळ्या घेऊन रानात गेलेली. माझं डोकं फिरलं. रविवार चार दिवसावर.

गुरुवारी आत्याबाई मळनीला गेल्या की लगेच मी जीपनं गोरेगावला गेले, पोरगी कडेवर, कोंबडी पिशवीत. त्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, पोरीला खोकला वाटतोय, दाखवून आनते. पोरीला खोकला न्हवता. मी लेकराच्या जिवावर खोटं बोलले आन् जीपमधी सगळ्या रस्त्यानं मला वाटून राहिलं, आता हिला खरंच खोकला लागनार.

जनावरांच्या दवाखान्यात गर्दी होती. एक मानूस बैल घेऊन उभा. पिशवीतून कोंबडीनं मुंडकं काढलं तसा तो म्हनला, "ताई, चुकलात. मसाल्याचं दुकान पलीकडं हाय." सगळे हसले. मी खाली मान घालून बसले. पोरीनं त्या बैलाला हात केला.

डॉक्टर तरुनच होते. कोंबडी टेबलावर घेतली, पट्टी सोडली. म्हनले, "हाड कुनी बसवलं? बराबर बसवलंय." मंग दोऱ्याच्या जखमेवर आले आन् तोंड वाकडं केलं. जखम धुतली, कायतरी लावलं, परत काडी लावून पांढरी पट्टी चिकटवली. आन् एक बाटली काढली. सुई नसलेली एक पिचकारी दिली, तिच्यावर पेनानं रेघ मारली, कारन मला आकडे वाचता येतात पन ते बारीक आकडे घाबरल्यावर दिसत न्हाईत. म्हनले, या रेघेपर्यंत औषध, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, चोचीच्या बाजूनं थेंब थेंब, घाई केली तर श्वासात जाईल.

मी बाटली पदरात गुंडाळून राहिले तवा ते म्हनले, "आनखीन एक. औषध चालू असेपर्यंत आन् बंद झाल्यावर दोन आठवडे, हिचं अंडं खायचं न्हाई. कापून बी खायची न्हाई. औषध अंड्यात उतरतं."

"लेकरानं बी न्हाई?"

"लेकरानं तर न्हाईच."

मी बाटली परत टेबलावर ठेवली.

बाहेर बाकड्यावर येऊन बसले. पोरगी मांडीवर, कोंबडी पायाशी. किती येळ बसले काय माहीत. औषध दिलं तर पाय वाचंल, पन अंडं न्हाई, रस्सा बी न्हाई, तीन आठवडे कायच न्हाई, आन् पोरीच्या वजनाचा दिवस त्याच्या आधीच हाय. औषध न्हाई दिलं तर जखम चढत जाईल, आन् रविवारी आत्याबाई म्हनतील तसं. तवा रस्सा तरी. पन पिवळं पानी भरलेल्या कोंबडीचा रस्सा तरी पोरीला कसा द्यायचा? आन् कोंबडी मेली तर माझ्या आईला काय सांगू? एक मन म्हनं, आत्याबाईना फोन कर, इचार. त्या काय म्हननार ते मला पाठ होतं. येडी झालीस का, तीन आठवडे पोरीला काय खाऊ घालशील, घरी आन, आजच कापू.

म्हनून म्या फोन केला न्हाई. परत आत गेले, बाटली घेतली. डॉक्टरांनीच पहिलं औषध पाजून दाखवलं. त्याच्यानंतर मागं फिरायला जागाच न्हवती.

घरी आल्यावर बाटली पोरीच्या कपड्याच्या पिशवीत लपवली आन् पांढऱ्या पट्टीवर म्हातारीचंच फडकं गुंडाळलं. आत्याबाईनी इचारलं, खोकल्याचं औषध दिलं का? म्या व्हय म्हनलं. खोटं नीट जुळलं बी. सकाळी त्या गेल्या की मी पाजायची, संध्याकाळी त्या आंघोळीला गेल्या की पाजायची. चोचीच्या बाजूनं, थेंब थेंब. रेघेच्या वर गेलं का खाली राहिलं, ते मी उजेडात धरून दोनदा बघायची. एकदा तिला ठसका लागला तर मी तिला छातीशी धरून अंगनभर फिरले, मेली मेली करत. ती मेली न्हाई. तिनं माझ्या झंपरवर घान केली.

म्या मनाशी ठरवलं होतं, रविवारी सगळं सांगायचं. पोरीचा बाप असंल, कोंबडी जरा उभी राहिलेली असंल, तवा सांगायचं. अंडं तर ती देतच न्हवती सोमवारपासून. म्हातारी बी म्हनली होती न्हाई का, पाय मोडल्यावर कुठलं अंडं. मंग भीती कसली? दोन-तीन दिवसाचा तर प्रश्न. असं मी मला सांगून राहिले.

शुक्रवारी सूज उतरली. शनिवारी तिनं दाने मागितले, चोच टोपलीवर आपटून. रविवारी सकाळी टोपली उचलली तर ती उभी होती. एका पायावर भार, दुसरा जरासा टेकवलेला, पन उभी. मी येवढी खूश झाले की पोरीला आत्याबाईपाशी ठेवून घागर घेऊन हापशाला गेले, आन् तिथं बायांत उभी राहून त्यांना बी सांगितलं, माझी कोंबडी उभी राहिली. हापशाला गर्दी होती. लय येळ लागला.

आले तर पोरीचा बाप आलेला. ओसरीवर बूट काढून राहिला होता. आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या, पोरीच्या हनवटीला कायतरी पिवळं लागलेलं. म्या वरनाचा भात समजला. माझं ध्यान कोंबडीकडं.

"बघा," म्या म्हनलं, "उभी राहिली का न्हाई?"

तो हसून म्हनला, "लंगडीच हाय की. आई, पातेलं ठेवू का चुलीवर?"

"कापता येत न्हाई तिला," म्या म्हनलं. येवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, घागर डोक्यावरच होती. "गोरेगावला नेली होती. डॉक्टरांनी औषध दिलं. तीन आठवडे कापायची न्हाई, अंडं बी खायचं न्हाई, लेकरानं तर न्हाईच. म्या सांगनारच होते. आज सांगनार होते."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मंग पोरीच्या हनवटीकडं बघितलं. मंग त्यांचा हात आपोआप पोरीच्या तोंडाकडं गेला, पुसायला का काढायला, काय माहीत.

"आज सकाळी तिनं अंडं दिलं," त्या म्हनल्या. "म्या उकडून दिलं हिला."

घागर कशी खाली ठेवली ते आठवत न्हाई. म्या पोरीला ओढून घेतलं, तोंडात बोट घातलं, ओकारी काढायला, तर ती रडायला लागली आन् माझं बोट चावली. आत्याबाई "अगं मारशील तिला, मारशील" म्हनून वरडल्या. पोरीचा बाप मधी आला. डॉक्टरांचा नंबर बाटलीच्या कागदावर होता. बाटली सापडेना, पिशवी उलटी केली, लंगोट, टोपरी सगळं जमिनीवर, तवा सापडली. त्यानं फोन लावला. दोनदा उचलला न्हाई. तिसऱ्यांदा उचलला.

डॉक्टर म्हनले, एका अंड्यानं बहुतेक कायच होनार न्हाई. अंगावर पुरळ आलं, उलट्या झाल्या, तर लगेच मानसांच्या दवाखान्यात न्या. आजचा दिवस लक्ष ठेवा. मंग म्हनले, फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं, "बाईना म्या इतकं बजावलं होतं. घरात सांगायला नको का?"

पोरीच्या बापानं फोन बंद केला.

दिवसभर आमी तिघं त्या पोरीकडं बघत बसलो. दर थोड्या येळानं मी तिचा झबला वर करायची, पोट बघायची, पाठ बघायची. डास चावलेलं एक लाल दिसलं तर ते म्या तिघांना उजेडात नेऊन दाखवलं. पोरगी मातर मजेत. अंगनात कोंबडीच्या टोपलीभवती रांगून राहिली. तिला पुरळ आलं न्हाई, उलटी झाली न्हाई, संध्याकाळी तिनं दूध-भाकर खाल्ली आन् निजली.

ती निजल्यावर आत्याबाई म्हनल्या, आवाज बारीक, रागाचा न्हाई, "तू हापशाला गेलीस तवा मी टोपली झाडायला घेतली तर त्याच्यात अंडं. गरम. मला येवढा आनंद झाला. म्या तिथंच ठरवलं, आता हिला कापायची न्हाई. पोराला बी आल्या आल्या तेच सांगितलं. तो पातेलं म्हनला ते तुला चिडवायला." मंग पोरीच्या अंगावरचं पांघरून सारखं केलं. "मी काय दुश्मन होते का गं पोरीची?"

म्या न्हाई म्हनलं. दुसरं काय म्हननार? पोरीचा बाप उठून बाहेर गेला.

पुढं कोंबडीनं एक दिवसाआड अंडं द्यायला सुरू केलं. शेळ्यावाली म्हातारी म्हनली, असली कोंबडी म्या बघितली न्हाई. ती अंडी आत्याबाई स्वतः नेऊन उकिरड्याच्या खाली पुरायच्या, कुत्रं उकरू नये म्हनून वर दगड ठेवायच्या. पोरगी हात पुढं करून त्यांच्या मागं रांगायची, अं अं करत. ते बघवायचं न्हाई. मी आत जाऊन बसायची. वजनाच्या दिवशी पट्टी पिवळ्यावरच होती. लाल न्हाई झाली, हिरवी बी न्हाई झाली. ताईनी इचारलं, अंडं देऊन राहिली ना रोज? मी पोरीला काट्यावरून उचललं.

तीन आठवडे झाले, औषधाचे दिवस सरले, आता पोरगी अंडं खाती. कोंबडी जरा एका बाजूला झुकून चालती, पन चालती. बाज सरकवायच्या आधी मी आता खाली वाकून बघते, खाली कोनी असो नसो. सगळं ठीक हाय म्हनावं तर हाय.

पन आत्याबाई आता पोरीला काय बी देताना मला इचारतात. भाकरीचा तुकडा असो, शेंगदाना असो, हातात धरून थांबतात आन् म्हनतात, "हे देऊ का हिला? चालतंय का?" टोमना मारतात का खरंच भेतात, ते त्यांच्या तोंडावरून मला कळत न्हाई. मी द्या म्हनते. मंगच देतात.

मी अजून त्या बाकड्यावरचाच इचार करत बसते. फोन केला असता तर त्यांनी त्याच दिवशी कापली असती, मला आजबी तसंच वाटतं. आन् न्हाई केला, तर माझ्या लेकराच्या पोटात औषधाचं अंडं गेलं, ते बी जिच्या हातानं गेलं तिला तिळभर ठाऊक नसताना. पुरळ आलं असतं तर? आज मी हे कोनच्या तोंडानं सांगितलं असतं?

तुमच्या मांडीवर लेकरू असतं, पायाशी पिशवीत कोंबडी असती आन् हातात ती बाटली असती, तर तुमी काय केलं असतं? घरी फोन केला असता का?